गाडी खाली होईना? नव्या गाडीमालकासाठी हॉल्टिंग वसुलीची वाट

भिवंडीच्या गोदामापुढे, चाकणच्या कंपनीच्या गेटवर, तळोज्याच्या रस्त्याकडेला भरलेली गाडी दोन-दोन दिवस उभी राहते, हे या धंद्यात रोजचं आहे. नव्या गाडीमालकाला डिझेल, टोल, टायर यांचा हिशोब दोन-तीन महिन्यांत बसतो. उभ्या गाडीचा हिशोब मात्र बसत नाही, कारण तो कुणी आपणहून बिलावर मांडत नाही. या थांब्याच्या पैशांनाच हॉल्टिंग म्हणतात. बॅलन्स, म्हणजे खेपेचं उरलेलं भाडं, घ्यायला गेलं की "हॉल्टिंगचं पुढच्या खेपेला बघू" असं उत्तर मिळतं. पुढच्या खेपेला दुसरी पार्टी असते, दुसरा मुन्शी असतो आणि ते पैसे गेलेले असतात.

हा लेख एक-दोन गाड्यांच्या मालकांसाठी आणि स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्यांसाठी आहे. बॅलन्सच्या दिवशी भांडून हॉल्टिंग फारसं कुणाला मिळत नाही. गाडी भरायच्या आधी झालेलं लेखी बोलणं आणि गेटवर पोचल्याच्या वेळेचा पुरावा या दोन गोष्टी जवळ असल्या की ते मिळतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींसाठीच आहेत.

उभ्या गाडीचा रोजचा खर्च आधी काढा

पार्टीशी बोलण्याआधी आपला आकडा आपल्याला पाठ हवा. समजा तुमची चौदा चाकी आहे. हप्ता महिन्याला ६०,००० रुपये, चालकाचा पगार २२,०००, विमा वर्षाला ७२,००० म्हणजे महिन्याला ६,०००, आणि टॅक्स, परमिट, फिटनेस, जीपीएस मिळून महिन्याला ३,०००. बेरीज झाली ९१,०००. तीसनं भागलं की दिवसाला साधारण ३,०३३ रुपये. त्यात चालकाचा मुक्कामाचा भत्ता ४०० धरा. म्हणजे चाक न फिरता, डिझेलचा थेंब न जळता गाडी रोज ३,४०० च्या पुढे खाते. हातचं गेलेलं परतीचं भाडं यात धरलेलंच नाही.

तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच. गाडीचं कर्ज फिटलं असेल तर हप्त्याच्या जागी शून्य लिहू नका, घसारा लिहा. ती गाडी कधी ना कधी बदलायची आहेच.

हा आकडा पाठ असला की दलाल "दिवसाला पंधराशे देऊ" म्हणतो तेव्हा त्यात तुमचा निम्मा खर्चही निघत नाही, हे जागच्या जागी कळतं. मग तुम्ही दर वाढवून मागू शकता, भाडंच चढवून घेऊ शकता किंवा त्या गेटला गाडी लावायचीच नाही असं ठरवू शकता.

पैसे कुणाकडे मागायचे ते ओळखा

नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो. कारखानदारानं काम दिलेलं असतं मोठ्या ट्रान्सपोर्टला, ट्रान्सपोर्टनं सांगितलेलं असतं दलालाला, आणि दलालानं तुमची गाडी लावलेली असते. गाडी उभी राहते माल घेणाऱ्याच्या दारात, आणि त्याच्याशी तुमचा काडीचाही व्यवहार नसतो. गोदामाच्या सुपरवायझरशी हुज्जत घालून म्हणूनच काही निघत नाही. त्याच्या हातात फक्त डॉक, म्हणजे माल उतरवायची जागा, आहे, तुमचे पैसे नाहीत.

तुमच्याशी भाडं ज्यानं ठरवलं, ॲडव्हान्स ज्यानं टाकला, तोच तुमचा देणेकरी. प्रत्येक निरोप त्याला गेला पाहिजे आणि ज्या दिवशीचा त्याच दिवशी गेला पाहिजे. त्यालाही वरच्या पार्टीकडून हॉल्टिंग मंजूर करून घ्यावं लागतं. मोठ्या कंपन्यांमध्ये गाडी उभी असतानाच मेल गेला नसेल, तर नंतर आलेला दावा सरळ परत येतो. दलाल लबाडच असतो असं नाही. बऱ्याचदा त्याच्याकडे वर दाखवायला कागद नसतो, आणि तो कागद त्याला तुम्हीच देऊ शकता.

बिल्टी, म्हणजे मालवाहतुकीची पावती, हातात आली की त्यावर नाव कुणाचं आहे, भाडं कुणी द्यायचं लिहिलं आहे, हमालीसमोर काय लिहिलं आहे, हे तिथेच वाचा. रस्त्यानं मालवाहतूक करणाऱ्यांसाठीच्या २००७ च्या कायद्यानं बिल्टी देणं ही वाहतूक कंपनीची जबाबदारी आहे. बिल्टीशिवाय निघालेल्या गाडीचं हॉल्टिंग मागणं फार अवघड जातं.

भरण्याआधी चार प्रश्नांचा निकाल लावा

सगळ्यात जास्त पैसा इथे बुडतो, म्हणून एक उदाहरण सविस्तर पाहू.

शुक्रवारी संध्याकाळी वाळूजच्या एमआयडीसीत माल भरून गाडी निघाली. शनिवारी दुपारी ३.४० ला भिवंडीजवळच्या गोदामाच्या गेटवर लागली. शनिवारी नंबर आला नाही. रविवारी गोदाम बंद. सोमवारी सकाळी ११ वाजता टोकन मिळालं, पण डॉक मिळाला नाही. मंगळवारी संध्याकाळी ६ वाजता गाडी खाली होऊन गेटबाहेर पडली. बोलणं एवढंच झालं होतं: "२४ तास फ्री, मग दिवसाला २,०००."

आता हॉल्टिंग किती झालं?

रविवार मोजायचा असेल तर मोफत वेळ रविवारी दुपारी ३.४० ला संपली. तिथून मंगळवारी सहापर्यंत ५० तास २० मिनिटं. सुरू झालेला दिवस पूर्ण धरला तर ३ दिवस, म्हणजे ६,००० रुपये. पूर्ण झालेलेच दिवस धरले तर २ दिवस, ४,००० रुपये.

रविवार मोजायचा नसेल तर शनिवारचे ८ तास २० मिनिटं आणि सोमवारचे १५ तास ४० मिनिटं मिळून मोफत वेळ सोमवारी दुपारी ३.४० ला संपली. पुढे उरले २६ तास २० मिनिटं. एका रीतीनं ४,०००, दुसरीनं २,०००.

आणि पार्टी म्हणाली की आमचं घड्याळ टोकन दिल्यापासून चालतं, तर सोमवारी ११ ते मंगळवारी ११ मोफत, उरले ७ तास. पूर्ण दिवस एकही नाही. हातात शून्य.

गाडी तीच, गेट तेच, तीन रात्रीही त्याच. बोलणं अर्धवट राहिलं म्हणून ६,००० पासून शून्यापर्यंत काहीही निघू शकतं. म्हणून चार प्रश्न आधीच मिटवा: घड्याळ कधीपासून, रविवार-सुट्टी धरायची की नाही, अर्धा दिवस कसा मोजायचा, आणि दर किती. घड्याळ गाडी गेटवर पोचल्यापासून, म्हणजे रिपोर्टिंगपासून सुरू झालं पाहिजे. बाकी तिन्हीत थोडं मागेपुढे करता येईल, यात करू नका. टोकन कधी द्यायचं हे पार्टीच्या हातात असतं. टोकनपासूनचं घड्याळ मान्य करणं म्हणजे मोफत वेळेची दोरी तिच्याच हातात देणं.

करार-बिरार नको, एक मेसेज पुरतो. भाडं ठरलं की गाडी लावायच्या आधी व्हॉट्सॲपवर असं टाका:

"वाळूज ते भिवंडी, भाडं फोनवर ठरल्याप्रमाणे. गेटवर रिपोर्टिंग झाल्यापासून २४ तास फ्री, रविवार व सुट्टी धरून. त्यानंतर दिवसाला २,००० रु. हॉल्टिंग, सुरू झालेला दिवस पूर्ण. भरायला उशीर झाला तरी हाच नियम. हमाली, वाराई आमच्याकडे नाही. ओके कळवा."

"ओके" येईपर्यंत गाडी गेटच्या आत घालू नका. वाराई म्हणजे माल उतरवताना गाडीवाल्याकडून मागितले जाणारे पैसे. भाड्याचा आकडा मेसेजमध्ये टाकलात तर आणखी चांगलं. दलाल परराज्यातला असेल तर हाच मजकूर हिंदीत टाका. फोन बदलण्याआधी हे संभाषण ईमेलवर उतरवून ठेवा. मेसेज पुरावा म्हणून चालतो, पण तो जागेवर असला तर.

भरतानाचा उशीर लोक विसरून जातात. कारखान्यात माल तयार नाही म्हणून दीड दिवस उभी राहिलेली गाडी पुढे वेळेत खाली झाली, तरी तो दीड दिवस तुमचाच गेला. त्याची नोंद भरण्याच्या गेटवरच व्हायला हवी.

आपल्या बाजूनं चूक ठेवू नका

हॉल्टिंग नाकारायला पार्टीला एक कारण पुरतं. ते तुमच्याकडून मिळू नये.

मोठ्या गोदामांना आणि कंपन्यांना माल उतरवण्याची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. ती वेळ बिल्टीवर किंवा मेसेजमध्ये मागून घ्या. सकाळी १० ची वेळ असताना गाडी दुपारी २ ला लागली, तर नवीन वेळ मिळेपर्यंतचा थांबा तुमच्या अंगावर. ठाणे-भिवंडी पट्ट्यात, मुंबईत, पुण्यात अवजड गाड्यांना ठरावीक वेळी बंदी असते आणि वाहतूक पोलीस त्या वेळा बदलत असतात. निघण्याआधी आजची वेळ विचारा. बंदीत अडकलेले चार तास कुणी भरून देत नाही.

चाकण, रांजणगावसारख्या ठिकाणच्या बऱ्याच कंपन्या गेटवर गाडीचे कागद तपासतात: विमा, फिटनेस, पीयूसी, चालकाचं लायसन्स. त्याशिवाय सेफ्टी शूज, हेल्मेट, चाकाला लावायचे गुटके मागतात. गुटका नाही म्हणून गाडी परत रांगेच्या शेवटी गेली की दिवस जातो आणि तो दिवस मागता येत नाही. शे-दोनशे रुपयांचे दोन गुटके केबिनमागे कायम ठेवा. सील असलेली गाडी असेल तर भरल्यावर सीलचा फोटो काढा, गेटवर पोचल्यावर पुन्हा काढा. सीलचा नंबर जुळला नाही तर माल मोजण्यात वेळ जाईल आणि वर शॉर्टेजही तुमच्या नावावर पडेल.

गेटवर पोचल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

चालकाला हे नीट समजावून सांगा, जमलं तर लिहून द्या. मालक घरी असतो. घड्याळ सुरू करणारा माणूस चालक आहे.

गेटवर नेहमी घडतं ते असं. सिक्युरिटीवाला म्हणतो, "बाहेर लाव, नंबर आला की बोलावतो." रजिस्टरमध्ये नोंद होत नाही. चालक गाडी कडेला लावतो, चहा घेतो, झोपतो. दुसऱ्या दिवशी आत घेताना रजिस्टरमध्ये जी वेळ पडते तीच "गाडी आली" म्हणून कायमची होते. मधली रात्र कागदावर कुठेच नाही.

म्हणून गाडी लागली की आधी फोटो. गेटची पाटी आणि गाडीची नंबर प्लेट एकाच फोटोत यायला हवी, आणि फोनवर वेळ व ठिकाण उमटणारं कॅमेरा ॲप असावं. फोटो गेटबाहेरूनच काढा. आत फोन चालत नाही, पुष्कळ ठिकाणी तो गेटवर जमा करावा लागतो. लगेच लोकेशन आणि फोटो मालकाला, मालकानं तो दलालाला. मग कागद खिडकीवर नेऊन बिल्टीच्या प्रतीवर आल्याची वेळ आणि शिक्का मागा. शिक्का देत नसतील तर निदान वेळ घालून सही. तीही नाही म्हणाले तर वाद घालू नका, मेसेज टाका:

"गाडी शनिवार दुपारी ३.४० ला गेटवर रिपोर्ट झाली. कागद खिडकीवर दाखवले, बाहेर थांबायला सांगितलं. फोटो व लोकेशन सोबत. फ्री टाइम ३.४० पासून धरला आहे."

हा मेसेज गेला आणि समोरून हरकत आली नाही, तर शिक्का नसतानाही तुमची बाजू बळकट राहते.

आधाराला आणखी बरंच काही असतं. गाडी समृद्धी महामार्गावरून भिवंडीजवळ आमण्याला उतरली असेल तर तिथल्या फास्टॅगचा मेसेज गाडी त्या भागात किती वाजता आली ते सांगतो. वजनकाट्याच्या पावतीवर वेळ असते. टोकनच्या चिठ्ठीवर असते. जीपीएसचा अहवाल गाडी कुठे किती वेळ उभी होती ते दाखवतो. खेप संपली की तो लगेच उतरवून ठेवा. यातला कुठलाही कागद एकटा गेटवरच्या शिक्क्याची जागा घेत नाही. पण फास्टॅग, फोटो आणि मेसेज तिघंही एकच वेळ सांगत असतील तर समोरच्याला नाही म्हणणं जड जातं.

पुढे रोज एक मेसेज. सकाळी एकदा, फार तर संध्याकाळी एकदा. "आज दुसरा दिवस, टोकन मिळालं, डॉक नाही" एवढंच. दिवसाला वीस फोन करून चिडचिड होते, नोंद होत नाही. फोनवर दलाल "हो हो, मिळेल हॉल्टिंग" म्हणाला तर फोन ठेवल्यावर लगेच लिहा: "आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे हॉल्टिंग मंजूर." त्याला वाईट वाटणार नाही, आणि वाटलंच तर ते आज कळलेलं बरं.

ई-वे बिलाची मुदत बघत राहा

उभ्या गाडीत हा धोका लपलेला असतो. ई-वे बिलाला, म्हणजे वाटेतल्या मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाला, २०० किलोमीटरला एक दिवस अशी मुदत मिळते, आणि पहिला दिवस बिल तयार झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो. वाळूज ते भिवंडी अंतर २०० च्या वर आणि ४०० च्या आत, म्हणजे दोन दिवस. शुक्रवारी काढलेलं बिल रविवारी रात्री १२ ला संपलं. आपली गाडी मात्र मंगळवारपर्यंत गेटवर होती.

मुदत संपायच्या आधी ८ तास आणि संपल्यावर ८ तास, एवढ्याच वेळात ती वाढवता येते. या उदाहरणात रविवारी दुपारी ४ ते सोमवारी सकाळी ८. वाढवायचं काम बिलावर वाहतूकदार म्हणून ज्याचं नाव आहे त्याचं. एका गाडीच्या मालकाला बहुतेक वेळा ते स्वतःला करता येत नाही, म्हणून रविवारी दुपारीच ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला फोन आणि मेसेज गेला पाहिजे. रविवारी ऑफिस बंद असतं, तेव्हा शनिवारीच सांगून ठेवलेलं बरं. गेटच्या बाहेर रस्त्यावर उभी गाडी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी वाटेतच आहे. मुदत संपलेली सापडली तर कर आणि दंडाचं प्रकरण मागे लागतं, माल आणि गाडी दोन्ही अडकतात. मुदत वाढवायला सांगितल्याचा तुमचा मेसेज असेल तर निदान दोष कुणाचा हा प्रश्न उरत नाही.

हमाली आणि वाराई

गाडी डॉकला लागली तरी माल उतरेलच असं नाही. हमाल दुसऱ्या गाडीवर आहेत, जेवायला गेलेत, किंवा वाराईचे पैसे दिल्याशिवाय हात लावत नाहीत. "ज्याचा माल त्याचा हमाल" ही वाहतूकदारांची जुनी मागणी आहे आणि ती रास्त आहे.

पण इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. राग हमालावर काढू नका. ओझं वाहणाऱ्या माणसाला पगार, भविष्यनिर्वाह, दवाखाना काहीच नव्हतं, तेव्हा अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्या कायद्यात नोंदलेल्या मालकानं मजुरी आणि त्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा आकार, माथाडी मंडळाकडे भरायची असते. म्हणजे हमालीचा हिशोब माल उतरवून घेणारा आणि मंडळ यांच्यातला आहे, चालकाच्या खिशातला नाही. माल उतरवणाऱ्याला बहुतेक ठिकाणी नगावर किंवा टनावर मजुरी मिळते. गाडी रेंगाळली तर त्याचाही तोटाच होतो.

चालकाकडे रोख मागितली तर त्यानं आधी मालकाला फोन करावा, मालकानं दलालाला. देणं भागच पडलं तर रक्कम, वेळ आणि कशासाठी दिले ते लगेच मेसेजमध्ये टाका आणि पावती मागा. पावती नाही मिळाली तरी मेसेज राहतो. हे पैसे बिलात "पार्टीच्या वतीनं दिलेली हमाली" अशा वेगळ्या ओळीत लावा. हॉल्टिंगमध्ये मिसळलेत तर दोन्ही अडतात.

खाली झाल्यावर: पोच हातात घेताना

तीन दिवस थांबून कंटाळलेला चालक पोच, म्हणजे माल मिळाल्याची सही असलेला कागद, घेतो, न वाचता घडी घालतो आणि निघतो. त्याचा थकवा समजण्यासारखा आहे, पण ही दोन मिनिटं त्या तीन दिवसांची किंमत ठरवतात.

पोचेवर चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: आल्याची तारीख-वेळ, गेल्याची तारीख-वेळ, सही-शिक्का, आणि शॉर्टेज-डॅमेज असेल तर नेमके नग. समोरच्यानं आल्याची वेळ सोमवारची घातली असेल तर चालकानं आपल्या सहीपुढे स्वच्छ लिहावं: "गाडी गेटवर शनिवार दु. ३.४० ला रिपोर्ट." पोच खराब करू नये, खाडाखोड करू नये, फक्त आपली ओळ जोडावी. डॅमेजचा शेरा मोघम असेल, म्हणजे नुसतं "माल खराब", तर किती पेट्या ते तिथेच लिहून घ्या. मोघम शेऱ्यावर पूर्ण बॅलन्स अडकतो आणि मग हॉल्टिंगची गोष्टच निघत नाही.

दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो काढा, मग मूळ पोच ऑफिसला द्या आणि दिल्याची पावती किंवा मेसेज घ्या. कुरियरनं पाठवत असाल तर त्याची पावती जपा. "पोच मिळाली नाही" हे बॅलन्स लांबवायचं सगळ्यात सोपं कारण आहे.

बिल लावा आणि तारखेचा पाठपुरावा करा

हॉल्टिंगचं बिल भाड्याच्या बिलाबरोबरच, पण स्वतंत्र ओळीत लावा: रिपोर्टिंगची वेळ, मोफत वेळ संपली ती वेळ, गाडी सुटली ती वेळ, दिवस, दर, रक्कम. सोबत ठरल्याचा मेसेज, गेटचा फोटो, पोच. महिन्यानं वेगळं बिल पाठवलंत तर वरच्या पार्टीचा हिशोब बंद झालेला असतो आणि दलाल खरंच अडचणीत येतो.

कमी करून देतो म्हणाला तर? ६,००० चे ५,००० आज रोख मिळत असतील आणि माणूस कामाचा असेल, तर मी घेईन. निम्म्यावर आणत असेल तर नाही. पहिल्यांदा निम्म्यावर राजी झालात की पुढच्या प्रत्येक खेपेला तुमचा दर तोच.

पैसे अडकलेच तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद, कामाला येते. ती ऑनलाइन आणि फुकट होते, एका गाडीच्या मालकालाही करता येते. गाडी कामाला लावायच्या आधीच करून ठेवा. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यानुसार लेखी मुदत ठरली असेल तर ती ४५ दिवसांच्या वर जाऊ शकत नाही, आणि काहीच ठरलं नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते, आणि ती ऑनलाइन करता येते. पाच-सहा हजारांसाठी कुणी तिथवर जात नाही, हे खरं. पण बिलाच्या तळाला उद्यम नंबर आणि या कायद्याची एक ओळ असली की मोठ्या कंपनीचा हिशोब विभाग ते बिल वेगळं ठेवतो. सूक्ष्म-लघु उद्योगाचं देणं मुदतीत चुकवलं नाही आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंतही थकलेलं राहिलं तर तो खर्च देणाऱ्याला आयकरात त्या वर्षी वजा मिळत नाही, आणि त्यांचा लेखापाल हे ओळखून असतो.

माल अडवू नका

चिडलेला मालक म्हणतो, "हॉल्टिंग दिल्याशिवाय गाडी खाली करू देणार नाही," किंवा गाडी वळवून दुसरीकडे लावतो. हा मार्ग धरू नका. माल तुमच्या ताब्यात विश्वासानं दिलेला असतो. तो इकडेतिकडे केल्याची तक्रार झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये वाहतूकदारानं केलेल्या विश्वासघाताला ७ वर्षांपर्यंत कैद आहे. चार-सहा हजारांच्या हॉल्टिंगसाठी चालकाला पोलीस ठाण्यात बसवायची वेळ आणू नका.

माल घेणाराच माल घ्यायला तयार नसेल तर गोष्ट वेगळी. मग ती ट्रान्सपोर्ट कंपनीची जबाबदारी: तिनं माल घेणाऱ्याला नोटीस द्यायची. त्यानंतर ३० दिवसांत आणि नाशवंत मालासाठी २४ तासांत तो घेतला गेला नाही, तर तो बेवारस धरता येतो. तुम्ही कंपनीला लेखी विचारायचं की माल कुठे उतरवू, आणि लेखी उत्तर आल्याशिवाय हलायचं नाही. कांदा, द्राक्षं, दूध असलं काही गाडीत असेल तर हा निरोप तासांच्या हिशोबानं जायला हवा.

कंटेनरच्या कामात असाल तर एवढं ध्यानात ठेवा: न्हावा-शेव्याला कंटेनर उशिरा परत गेल्याबद्दल जहाज कंपनी जे पैसे लावते ते आयातदाराचं देणं आहे, तुमच्या ट्रेलरच्या थांब्याचा हिशोब वेगळा. बोलताना दोन्हींना डिटेन्शनच म्हणतात, म्हणून रक्कम कोणत्या गोष्टीची ते बिलावर लिहा.

चालकाचा वाटा आणि गेटची वही

हॉल्टिंग मालकाला मिळतं, रात्री चालक काढतो. भिवंडीच्या पावसात टपाखाली, संडास नाही, प्यायला पाणी विकतचं, डिझेलवर आणि ताडपत्रीवर नजर ठेवत. त्याचा थांब्याचा भत्ता पार्टीकडून पैसे येण्याची वाट न बघता त्याच दिवशी टाका. आणि हॉल्टिंग वसूल झालं की त्यातला ठरलेला हिस्सा त्याला द्या. आधीच सांगून ठेवलं असेल तर गेटवरचा फोटो, शिक्का, पोचेवरची ओळ यांची आठवण त्याला करून द्यावी लागत नाही.

घरी एक वही ठेवा. प्रत्येक गेटच्या नावानं एक पान: गाडी कधी लागली, कधी सुटली, टोकन कुठल्या खिडकीवर मिळतं, रविवारी चालू असतं का, शिक्का देतात का, हॉल्टिंग कुणी दिलं आणि कुणी बुडवलं. दोन-तीन महिन्यांत तुम्हाला कळेल की अमुक गोदामाला शनिवारी दुपारी पोचणारी गाडी मंगळवारशिवाय सुटत नाही. त्या गेटचं भाडं विचारायला पुन्हा फोन आला की दोन दिवसांचा उभा खर्च भाड्यातच चढवून सांगा, हॉल्टिंगची अट त्यावर वेगळी ठेवा, आणि गाडी शक्यतो सोमवारी पहाटे लागेल अशी भरा.